जबाब वाचताना

फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर अभ्यास करायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती मी आधी संहिता देत नाही. भूमसारख्या तालुक्याच्या ठाण्यात लिहिला गेलेला एखादा जबाब कसा घडतो, ते त्याला पाहायला सांगतो.

समजा, खव्याच्या भट्टीवरचं काम टाकून एक बाई ठाण्यात आली. ती सांगते, ‘रातच्याला दारात आला, केस धरून वढलं, लेकरं वरडत व्हती.’ कागदावर उतरतं ते असं: ‘मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्यादी जबाब लिहून देते की...’ शेवटी येतं, ‘तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ लिहिणाऱ्या अंमलदाराच्या मनात खोट असेलच असं नाही. त्याला कलमात बसेल तेवढं हवं असतं. त्यात ओरडणारी लेकरं गळतात. पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात तिला ती आठवतात आणि उलटतपासात तिच्या तोंडी ते ठरलेलं वाक्य येतं: ‘असे माझ्या जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ आपल्याकडच्या साक्षीपत्रकांत हे वाक्य वारंवार भेटतं. सांगणं आणि लिहिणं यांतलं हे अंतर मला या विषयाचं हृदय वाटतं.

म्हणूनच फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी आणि तिची प्रत मोफत द्यावी, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 173 मध्ये आहे. जुन्या संहितेत तो कलम 154 मध्ये होता. आकडा बदलला, तरी प्रश्न तोच राहिला: वाचून दाखवलेलं तिला कळलं का?

भूमचा हा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तिथला राज्यकारभार उर्दूत चाले. भारतीय दंड संहिता इथे आली ती 1951 मध्ये. शेतकऱ्याची बोली एक आणि सरकारी कागदाची भाषा दुसरी, हे इथल्या लोकांना नवं नाही. पारध्यांसारख्या जमातींच्या वाट्याला तर त्याहून कठोर गोष्ट आली. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली. त्या कायद्याची पुढची आवृत्ती 1952 मध्ये रद्द झाली, पण संशयाची सवय गेली नाही.

या अभ्यासाने काय साधतं, असं कुणी विचारलं तर मी मथुरा प्रकरण सांगतो. 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड झाल्याचा पुरावा नाही, यातून सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा अर्थ काढला आणि पोलिसांना निर्दोष सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. निकालपत्र नीट वाचणाऱ्या चार माणसांचा त्यात मोठा वाटा आहे.

तेव्हा या. बलात्कारासारखे बंद दाराआड चालणारे खटले सोडले, तर न्यायालयाचं दार सर्वांना उघडं असतं. कामकाजाच्या दिवशी भूमच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसा. साक्षीदार काय बोलतो ते वहीच्या डाव्या पानावर लिहा, आणि टंकलेखकाला काय सांगितलं जातं ते उजव्या.