भरण, संस्था आणि विसावा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात अपंग बालकांच्या कुटुंबसाहाय्याचा इतिहास

वाशीमच्या इतिहासाचा विचार प्रायः वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेपासून सुरू होतो आणि ताम्रपट, राजवंश व तीर्थक्षेत्रे यांच्या विवेचनात पूर्ण होतो. घराच्या उंबरठ्याआड पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या सेवेला मात्र या इतिहासात स्थान मिळालेले नाही. जन्मतः अंध, मूकबधिर, पंगू किंवा मंदबुद्धी असलेल्या मुलाचा सांभाळ ही अशीच एक सेवा होय. तिचा भार कोणी वाहिला, तो वाहणाऱ्यास समाजाने व शासनाने कोणते साहाय्य दिले, आणि त्याला क्षणभर विसावा मिळावा ही कल्पना केव्हा उदयास आली, या तीन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. जुन्या साधनांतील 'वेडा', 'जड', 'मंदबुद्धी' इत्यादी शब्द आज त्याज्य ठरले आहेत. येथे ते त्या त्या काळाची परिभाषा म्हणूनच योजिले आहेत.

१. भरणाचे दायित्व

ब्रिटिश न्यायालयांनी वऱ्हाडातील हिंदू कुटुंबांना जो वारसाहक्काचा कायदा लागू केला, त्याचा मुख्य आधार याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका होता. या शास्त्रानुसार अंध, पंगू, उन्मत्त, जड इत्यादींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळत नसे. परंतु त्यांचे भरणपोषण करणे हे वाटा घेणाऱ्यांवर बंधनकारक असे. त्यांचे पुत्र निर्दोष असल्यास ते वाट्यास पात्र ठरत, आणि कन्यांचे पोषण विवाहापर्यंत करावे लागे. तात्पर्य, हक्क नाकारून अन्नाची हमी देणारी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचे दोन गुणधर्म ध्यानात घेण्याजोगे आहेत. भरणाचा बोजा व्यक्तीवर न टाकता तो एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवर टाकलेला होता, हा पहिला. आईबाप निवर्तले तरी शेत राहत असे, आणि शेताबरोबर दायित्वही राहत असे. 'आमच्या मागे याचे कसे होणार?' या आईबापांच्या चिरंतन प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर ते हेच. दुसरा गुणधर्म असा की, शास्त्राने अन्नवस्त्राचा विचार केला, श्रमाचा केला नाही. मुलाला भरविणे, न्हाऊ घालणे, रात्री त्याच्यापाशी जागणे हे काम आई, आजी, थोरली बहीण किंवा भावजय यांच्याकडे गृहीत धरले गेले. आणि जे गृहीत धरले जाते, त्याची नोंद कोठेच होत नाही.

पुढे १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने बहुतेक शारीरिक व्यंगे वारसाहक्काच्या आड येईनाशी केली. मात्र जन्मतः वेडा किंवा जड असणारा त्यातून वगळला गेला. हा उरलेला अपवाद १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने दूर केला. हक्क अशा रीतीने पूर्ण झाला, परंतु त्याच सुमारास एकत्र कुटुंबे विभक्त होऊ लागली आणि ज्या सामाईक मालमत्तेवर भरणाचा बोजा होता तिचेच तुकडे पडू लागले. मुलाला वाटा मिळाला, पण त्याला सांभाळणारे हात कमी झाले.

२. गणना आणि अदृश्यता

१८८१ ते १९३१ या कालखंडातील शिरगणतीत चार व्यंगांची नोंद होत असे : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग. वऱ्हाडचे आकडेही याच वर्गीकरणाने मांडलेले आहेत. त्यांचा उपयोग करताना अभ्यासकाने सावध राहणे अगत्याचे आहे. मंदबुद्धी मूल आणि प्रौढपणी वेड लागलेला इसम हे एकाच रकान्यात पडत. दोन्ही डोळ्यांनी अंध असणाऱ्याचीच नोंद अपेक्षित असे. हातापायांनी पंगू असलेल्या मुलासाठी तर रकानाच नव्हता. शिवाय कुटुंबे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, व्यंग लपवीत. तेव्हा या आकड्यांवरून संख्या निश्चित करण्यापेक्षा शासन कोणाकडे पाहत होते आणि कोणाकडे पाहत नव्हते, हे ठरविणे अधिक सयुक्तिक होय.

१९४१ पासून ही गणना बंद पडली. १९८१ मध्ये ती मर्यादित स्वरूपात परतली, १९९१ मध्ये पुन्हा वगळली गेली आणि २००१ पासून पुन्हा घेण्यात आली. बौद्धिक अपंगत्वाला मानसिक आजारापासून वेगळा रकाना मिळाला तो २०११ मध्ये. म्हणजे ज्या भेदावर साहाय्याची सारी योजना अवलंबून असते, तो भेद शिरगणतीत दृढ व्हावयास एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपावे लागले.

३. दुष्काळ-संहितेतील एक तरतूद

सांभाळ करणाऱ्याची शासनाने घेतलेली प्रारंभीची दखल अनपेक्षित ठिकाणी सापडते. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनंतर १८८३ पासून प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या. दुष्काळी कामावर खडी फोडल्याखेरीज मजुरी नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. त्याला अपवाद म्हणून ज्यांना घरबसल्या मोफत साहाय्य द्यावयाचे, त्यांच्या वर्गवारीत वेडे, पंगू, अंध व दुर्बळ यांच्यासमवेत आणखी एक वर्ग येतो : ज्यांना घरातील आजारी माणसांची किंवा तान्ह्या मुलांची शुश्रूषा करण्यासाठी घरीच थांबणे अपरिहार्य आहे असे लोक.

या तरतुदीमागे करुणेपेक्षा हिशेब अधिक होता हे उघड आहे. तरीही तिचे तत्त्व महत्त्वाचे आहे. शुश्रूषा हे काम आहे, ते करणाऱ्याला दुसरी मजुरी करता येत नाही आणि म्हणून त्याच्या अन्नाची तजवीज वेगळी केली पाहिजे, असे येथे शासनाने मान्य केले. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडावर आला तेव्हा साहाय्यकार्यामागे याच स्वरूपाची नियमावली होती. पाऊस परतला, कामे बंद झाली आणि हे तत्त्वही दप्तरात गेले. संकटकाळी मान्य झालेली गोष्ट सुकाळात विसरली गेली, हा या इतिहासातील अत्यंत बोधप्रद प्रसंग होय.

४. संस्थांचा उदय

त्याच दुष्काळाच्या छायेत १९०० मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. आज दादर येथील कमला मेहता अंधशाळा म्हणून ती परिचित आहे. मंदबुद्धी बालकांसाठी मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्द येथे बालगृह उघडले. १९४४ मध्ये श्रीमती वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने जय वकील शाळेचा पाया घातला. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या आपल्या कन्येच्या अनुभवातून, मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापिली.

या नामावलीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अनेक संस्थांच्या मुळाशी एखादी आई आहे, आणि बहुतेक संस्था शहरांत आहेत. वाशीम, रिसोड किंवा मानोऱ्याकडील शेतमजूर आईपाशी तेच दुःख होते, पण संस्था उभारण्याचे साधन नव्हते. तिच्यापुढे दोनच वाटा उरत : मुलाला दूर ठेवणे, अथवा स्वतः घरी थांबणे.

कायद्याची भूमिका या काळात कठोर होती. १८५८ च्या कायद्याने 'जड' व्यक्तीचाही समावेश वेड्यांत केला. १९१२ च्या कायद्याने अशा व्यक्तीची हेळसांड करणाऱ्या नातलगाला सांभाळ करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. कायदा कुटुंबाला दटावू शकत होता, हातभार लावू शकत नव्हता. मंदबुद्धित्व हे मानसिक आजाराहून भिन्न आहे, हे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट झाले. परंतु त्यामुळे अशी मुले जुन्या कायद्यातून बाहेर पडली, तरी नव्या कायद्यात लगेच आली नाहीत.

विदर्भातील एक प्रयोग येथे स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे. वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस सोडलेल्या अपंग मुलांचे बालगृह चालविले आणि त्या मुलांना पिता म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलांना बालगृहाबाहेर काढण्याच्या नियमास त्यांनी केलेला विरोध सर्वश्रुत आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. हे कार्य थोर आहे यात संशय नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : मूल टाकले जाण्यापूर्वी त्या घराला कोणी विसावा दिला असता, तर त्यांतील किती मुले घरीच राहिली असती?

५. जिल्हा हा घटक

या प्रश्नाचा संबंध प्रशासनाच्या रचनेशी येतो. बाशिम, मंगरूळ व पुसद या तालुक्यांचा जुना बाशिम जिल्हा १९०५ मध्ये मोडला. बाशिम व मंगरूळ अकोल्यास जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेला. तेव्हापासून १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात येईपर्यंत, म्हणजे सुमारे ९३ वर्षे, जिल्हापातळीवरील कोणत्याही कामासाठी येथील माणसाला अकोला गाठावे लागे. ज्याला पाठीवर घेऊन न्यावे लागते अशा मुलाच्या बाबतीत हे अंतर म्हणजे बुडालेला रोज होय.

नवा जिल्हा निर्माण झाल्यानंतर दीड वर्षाच्या आत, १९९९ च्या अखेरीस, राष्ट्रीय न्यास कायदा संमत झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी केलेल्या या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची तरतूद केली आणि पालक नेमण्याचे काम तिच्याकडे सोपविले. 'आमच्या मागे कसे?' या प्रश्नाचे उत्तर एकत्र कुटुंबाकडून जिल्हा समितीकडे आले ते असे. वाशीम स्वतंत्र जिल्हा झाल्याने हे उत्तर येथील सहा तालुक्यांच्या निदान जवळ आले.

विसाव्याची कल्पना त्यानंतरची. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या २८ व्या अनुच्छेदात गरीब कुटुंबांना द्यावयाच्या साहाय्यात काळजीवाहकाच्या तात्पुरत्या विश्रांतीसाठी पर्यायी सांभाळ स्पष्टपणे अंतर्भूत आहे. राष्ट्रीय न्यासाने २०१५ मध्ये 'समर्थ' ही अल्पकालीन निवासाची आणि 'विकास' ही दिवसभराच्या सांभाळाची योजना पुढे आणली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आला. दुष्काळ-संहितेतील विस्मृत तत्त्व शतकाहून अधिक काळानंतर सुकाळातही मान्य झाले. मात्र हे कलम शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांनी बांधलेले आहे. तसेच पुढे 'समर्थ' ही योजना कायम निवासाच्या 'घरौंदा' योजनेशी जोडली गेली. काही दिवसांचा विसावा आणि आयुष्यभराचा निवास या भिन्न गरजा आहेत. त्या एकत्र झाल्या की पहिली गरज दुसरीत लुप्त होण्याचा धोका संभवतो.

शिक्षणाच्या क्षेत्रातही हाच पेच आढळतो. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. मुलाच्या दृष्टीने तो हक्क आहे. परंतु शाळा ही आईच्या दृष्टीने दिवसाचे काही तास मोकळे करणारी संस्थाही असते. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत जिला रोजाने जायचे आहे, तिच्या घरी आठवड्यातून ठरावीक वेळी शिक्षक येतो तेव्हा मुलाला शिक्षण मिळते, आईला मोकळीक मिळत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून तीन अवस्था स्पष्ट होतात. शास्त्राने अन्न दिले, संस्थांनी जागा दिली आणि अलीकडच्या कायद्यांनी हक्क दिले. सांभाळणाऱ्या व्यक्तीला वेळ देण्याची गोष्ट या तिन्ही अवस्थांत मागेच राहिली. वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात वेळ म्हणजे मजुरी आणि मजुरी म्हणजे अन्न. म्हणून विसावा ही चैन नव्हे, भरणाच्याच जुन्या दायित्वाचा तो उरलेला भाग आहे. ते दायित्व पूर्वी कुटुंबाच्या शेतावर होते. शेताचे तुकडे झाल्यावर ते जिल्ह्याच्या तिजोरीवर आले पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.