पोकळींतून उपजलेला गारवा

श्रोतेहो, नाशिक शहरांत अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रोड गोदावरीची संगत फारशी न सोडतां गंगापूर गांवाकडे आणि तेथून पुढें धरणाकडे जातो. या रस्त्याच्या दुतर्फा आज रुग्णालयें, उपाहारगृहें, कचेऱ्या आणि दुकानें उभीं आहेत. आणि त्यांच्या गच्च्यांवर व मागील भिंतींवर पंखे फिरणाऱ्या लोखंडी पेट्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. आंत बसलेल्यास गारवा मिळतो, बाहेरच्या पेटींतून ऊन वारा सुटतो आणि या दोहोंमध्यें तांब्याच्या नळ्यांतून एक पदार्थ अखंड येरझारा घालीत असतो. शास्त्रांत त्याला शीतकारक म्हणतात. कारागीर नुसतें 'गॅस' म्हणतात. हा गॅस भरण्याच्या, आणि भरण्यापूर्वीं नळ्या रिकाम्या करण्याच्या, विद्येचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. उन्हाळा लागला कीं दुकानदार सहज म्हणतो, "गॅस संपला असेल, भरून द्या." परंतु गॅस हा समईंतल्या तेलाप्रमाणें जळून जाणारा पदार्थ नव्हे. रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखा तोच तो पदार्थ फिरत राहतो. खोलींतली उष्णता भरून घेतो आणि बाहेर नेऊन ओततो. यंत्र शाबूत असेल तर तो वर्षानुवर्षें तितकाच राहावयास हवा. तो 'संपला' याचा अर्थ एवढाच कीं, नळींत कोठें तरी वाट फुटली आणि तो हवेंत निघून गेला. तो कोठें गेला, हा प्रश्न विचारावयास माणसाला फार वर्षें लागलीं, हेंच या इतिहासाचें मर्म आहे.

गारवा कसा उत्पन्न होतो हें आपल्या स्वयंपाकघरांतील माठ फार पूर्वींपासून सांगत आला आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातें, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तें माठांतल्या पाण्यांतूनच ओढून घेतें. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारण्याची युक्ति तीच. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. हवा जितकी दमट, तितका माठ हतबल. वाफ होण्याचा वेग माणसाच्या हातीं यावयाचा तर वरचा हवेचा दाब काढून टाकणें भाग होतें.

तें साधन युरोपांत सतराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालें. जर्मनींत ओटो फॉन गेरिक यानें भांड्यांतील हवा उपसून काढणारा पंप बनविला. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं स्कॉटलंडमधील वैद्य विल्यम कलन यानें ईथराचें भांडें पाण्याच्या भांड्यांत ठेवलें, दोन्हीं भांडीं पंपाच्या घुमटाखालीं ठेवून हवा उपसली, आणि ईथर उकळूं लागतांच भोंवतालचें पाणी गोठून गेलें. १७५६ सालीं त्यानें हा प्रयोग प्रसिद्ध केला. दाब हटला म्हणजे द्रव सहज उकळतो आणि उकळतांना शेजारची उष्णता लुटतो, हें तेव्हां डोळ्यांना दिसलें. कृत्रिम थंडी अशी पोकळींतून उपजली.

तथापि प्रयोगशाळेंतून बाजारांत यावयास तिला आणखी बराच काळ लागला. १८३४ हें साल या दृष्टीनें मोठें मौजेचें आहे. त्या सालीं लंडनमध्यें जेकब पर्किन्स यानें ईथर पुन्हा पुन्हा उकळवून आणि दाबून द्रव करणाऱ्या बंदिस्त यंत्राचें पेटंट घेतलें. आणि त्याच सालीं मुंबईच्या बंदरांत अमेरिकेहून जहाजानें आलेला नैसर्गिक बर्फ उतरला. बॉस्टनच्या परिसरांतील तळ्यांवर हिवाळ्यांत करवतीनें कापलेल्या त्या लाद्या लांकडाच्या भुशांत गुंडाळून, दोनदां विषुववृत्त ओलांडून, मुंबईंत येत असत. फोर्टांत त्यांच्यासाठीं बर्फगृह उभारलें गेलें. चैन होती, पण ती दुसऱ्याच्या हिवाळ्यावर अवलंबून होती. पर्किन्सच्या यंत्रानें हिवाळ्याचीच गरज संपविली; फक्त तें त्याच्या हयातींत कोणी मनावर घेतलें नाहीं.

त्या बर्फाची एक खूण मात्र आपल्या तोंडांत अजून राहिली आहे. आपण 'दीड टनाचा ए. सी.' म्हणतों तेव्हां तें यंत्राचें वजन नसतें. दोन हजार पौंडांचा एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता हलविणारें यंत्र तें एक टनाचें. गंगापूर रोडवरील दुकानदार आज यंत्राची क्षमता मोजतो ती अशी जुन्या बर्फाच्या मापानें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रांनीं बर्फाच्या जहाजांना हरविलें. १८७० नंतर जर्मनींत कार्ल फॉन लिंडे यानें अमोनियाचीं यंत्रें यशस्वी केलीं, आणि जगभर बर्फाचे कारखाने निघाले. अमोनिया विषारी खरा. परंतु त्याचा उग्र वास हाच त्याचा चौकीदार होता. थोडा गळला तरी माणसें डोळे पुसत बाहेर धांवत. सल्फर डायॉक्साइडचेंही तसेंच. मिथिल क्लोराइडचा वास मात्र सौम्य, आणि म्हणूनच १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घरगुती शीतपेट्यांतून तो गळून झोंपलेलीं माणसें दगावलीं. त्या घटनांनीं लोक हबकले, आणि 'निर्धोक गॅस' शोधण्याची निकड लागली.

तो १९२८ सालीं थॉमस मिजली आणि त्याचे सहकारी यांना सांपडला. न जळणारा, न विषारी, जवळजवळ वासच नसलेला. १९३० सालीं मिजलीनें रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत तो वायु आपल्या छातींत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझविली. एका श्वासांत दोन गोष्टी सिद्ध झाल्या: माणूस मरत नाहीं आणि आग लागत नाहीं. फ्रिऑन या नांवानें तो जगभर पसरला. मुंबईंत १९३३ सालीं उघडलेलें रीगल चित्रपटगृह वातानुकूलित म्हणून गाजलें, आणि गार हवा ही शहरी सुखाची एक खूण होऊन बसली.

श्रोतेहो, येथेंच चौकीदार नाहींसा झाला. ज्या वायूला वास नाहीं तो गळला तरी कळत नाहीं. ज्यानें अपाय होत नाहीं तो सोडून दिला तरी कोणाची तक्रार नाहीं. दुरुस्तीचे वेळीं जुना गॅस खुशाल मोकळा सोडावयाचा, ही रीत साऱ्या जगभर पडली. इतकेंच नव्हे तर नळ्यांतली हवा काढण्यासाठींही पंप न लावतां थोडा गॅस आंत सोडून त्याच्या रेट्यानें ती बाहेर ढकलण्याचा सोपा मार्ग रूढ झाला.

हा मार्ग यंत्रालाही घातक आहे. नळ्यांत हवा राहिली तर ती बाहेरच्या पेटींत द्रव न होतां अडून बसते, दाब वाढविते आणि विजेचें बिल फुगविते. हवेबरोबर आलेला ओलावा त्याहून वाईट. तो बारीक छिद्रांत गोठून वाट बंद करतो. तेल व गॅस यांच्याशीं मिळून आम्ल बनवितो आणि कॉम्प्रेसरच्या तारांचें वेष्टण खातो. म्हणून चांगला कारागीर प्रथम कोरडा नायट्रोजन दाबानें भरून सांधे तपासतो. त्या जागीं प्राणवायूचा सिलिंडर कदापि लावूं नये. दाबांतला प्राणवायु आणि तेल यांची गांठ पडली कीं स्फोट होतो. नंतर तो पंप लावून नळ्या निर्वात करतो. दाब पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत ५०० मायक्रॉनपर्यंत, उतरला कीं आंतलें पाणी साध्या खोलीच्या उष्णतेवरच उकळून वाफ होतें आणि पंपावाटें निघून जातें. कलनच्या घुमटाखालीं जें घडलें तेंच येथें घडतें. मग पंप बंद करून कांटा पाहावयाचा. तो थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला तर कोठें तरी गळती आहे. दोन्हीं शंका फिटल्यावरच गॅस भरावयाचा, आणि तोही अंदाजानें नव्हे, तर यंत्रावर लिहिलेल्या वजनाप्रमाणें, तराजूवर तोलून.

नाशिककरांच्या दृष्टीनें यांत एक बारकावा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट उंचीवर आहे. मुंबईंत पूर्ण पोकळी झाली म्हणजे साध्या गेजचा कांटा जवळजवळ ३० इंचांवर जातो. नाशिकास बाहेरच्या हवेचा दाबच कमी असल्यानें तो सुमारें २८ इंचांपलीकडे जावयाचा नाहीं. तेव्हां मुंबईच्या आंकड्याची वाट पाहणारा येथें व्यर्थ थांबेल, आणि २७ इंचांवर समाधान मानणारा ओलावा आंतच ठेवील. म्हणून बाहेरच्या हवेशीं तुलना न करतां शून्यापासून दाब मोजणारें मायक्रॉन गेज हेंच येथें खरें साक्षीदार.

आतां बाहेर सोडलेल्या गॅसचें काय झालें तें पाहूं. १९७४ सालीं मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनीं दाखवून दिलें कीं, हा निरुपद्रवी वायु खालच्या हवेंत नाश पावत नाहीं. तो हळूहळू उंच चढतो, तेथें प्रखर किरणांनीं त्यांतला क्लोरीन सुटतो आणि सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनचा फडशा पाडतो. १९८५ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं दक्षिण ध्रुवावर ओझोनचा थर वसंतांत कमालीचा विरळ होत असल्याचें प्रसिद्ध केलें. सभेंत मेणबत्ती विझविणारा तो श्वास असा आकाशाला जाऊन भिडला होता. जो गुण म्हणून वाखाणला, तो टिकाऊपणाच दोष ठरला.

पुढची हकीकत मात्र आशादायक आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें करार झाला. १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला आणि २००० सालीं आपल्या सरकारनें ओझोन नष्ट करणाऱ्या पदार्थांविषयीं नियम केले. जुना फ्रिऑन २०१० पर्यंत बाजारांतून उठला. त्याच्या जागीं कांहीं ठिकाणीं आलेला आर-२२ ओझोनला कमी बाधक, पण बाधकच. तोही टप्प्याटप्प्यानें निरोप घेत आहे. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणें करार असाच पाळला गेला तर या शतकाच्या मध्याच्या सुमारास जगाच्या बहुतेक भागांत, आणि दक्षिण ध्रुवावर त्यानंतर कांहीं वर्षांनीं, ओझोनचा थर १९८० च्या स्थितीस येईल. सर्व राष्ट्रांनीं मिळून केलेली आणि फळास येत असलेली अशी दुसरी दुरुस्ती क्वचितच दाखवितां येईल.

परंतु हिशेब पुरा झाला नाहीं. आर-२२ च्या जागीं आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावीत नाहीं, तरी पृथ्वीची उष्णता कोंडण्यांत तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें दोन हजार पट समर्थ आहे. एक किलो सोडला कीं दोन टन कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखें. यास्तव २०१६ सालीं किगाली येथें माँट्रियल कराराला नवी जोड दिली गेली. भारतानें २०२१ सालीं तिला मान्यता दिली आणि २०४७ पर्यंत अशा वायूंचा वापर पंचाऐंशी टक्क्यांनीं उतरविण्याचें बंधन पत्करलें. आर-३२ चा दोष याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंतबाहेर आहे. प्रोपेनचा तर नांवापुरता. पण हे दोन्हीं वायु ज्वालाग्राही आहेत. निर्धोक गॅसच्या शोधांत निघालेला माणूस असा फिरून धोक्याच्या गॅसपाशीं आला आहे; फरक इतकाच कीं आतां धोका त्याला ठाऊक आहे.

यावर कोणी म्हणेल, गारव्याचा हव्यासच सोडावा. तें शक्य नाहीं आणि योग्यही नाहीं. याच जिल्ह्यांतलीं द्राक्षें तोडणीनंतर लवकर थंड करून शून्य अंशाच्या आसपास सांभाळलीं जातात, म्हणूनच सातासमुद्रापलीकडे ताजीं पोंचतात. रुग्णालयांतील लसी आणि रक्त यांना गारवा हेंच जीवन. प्रश्न गारव्याचा नाहीं, हिशेबाचा आहे. गंगापूर धरणांत पाणी किती आलें आणि किती गेलें याची नोंद आपण दरसाल काळजीनें ठेवतों. तशी नोंद आपल्याच गच्चीवरील नळ्यांतील गॅसची मात्र कोणी ठेवीत नाहीं.

कायदे माँट्रियलला झाले, किगालीला झाले. पण ते पाळले जातात किंवा मोडले जातात तें गच्चीवर उन्हांत बसलेल्या कारागिराच्या हातून. त्याला पंप लावावयास तास दीड तास लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाईक देत नाहीं. 'लवकर आटपा' म्हणणाराच पुढें 'दरसाल गॅस कां संपतो' म्हणून कुरकुरतो. तेव्हां श्रोतेहो, यापुढें आपल्या दुकानांत वा कचेरींत गॅस भरावयास माणूस आला तर त्याला दर विचारण्याआधीं तीन गोष्टी विचाराव्या: गळती सांपडली काय, कांटा कोठवर उतरला आणि जुना गॅस कोणत्या सिलिंडरांत काढून घेतला. तिन्हींचीं उत्तरें मिळालीं तर त्याच्या श्रमाचें पुरें मोल द्यावें, आणि त्याला बसावयास सावली द्यावी.