जास्तीच्या प्रती

मावशीचा बायोप्सी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला आणि मी एका ओळीपाशी अडकलो: 'हर-टू पॉझिटिव्ह, ३+'. गूगलवरच्या जुन्या पानांनी घाबरवलं, म्हणून त्या ओळीचा इतिहासच शोधायला बसलो.

त्याची सुरुवात उंदरांपासून होते. १९८२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, मुंबईहून गेलेल्या लक्ष्मीचरण पाढी यांनी उंदराच्या चेतापेशींच्या गाठीतून कर्करोग घडवणाऱ्या एका जनुकाचा माग काढला. त्याचं नाव पडलं 'न्यू'. १९८५ मध्ये जेनेनटेक कंपनीत ॲक्सेल उलरिश यांच्या गटाला माणसातलं तेच जनुक सापडलं. ते म्हणजे हर-टू. पण माणसाच्या कुठल्या कर्करोगात त्याचा हात आहे?

याचं उत्तर १९८७ साली डेनिस स्लेमन, उलरिश आणि सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. उंदरात जनुकाचं एक अक्षर बदललं होतं. इथे मात्र सुमारे ३० टक्के गाठींमध्ये जनुकाच्या प्रतीच वाढल्या होत्या, दुपटीपासून वीसपटीहून जास्त. ज्यांच्या काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता, अशा बायकांमध्ये प्रती जितक्या जास्त, तितका आजार लवकर उलटत होता आणि मृत्यूही लवकर येत होता.

म्हणजे ही ओळ तेव्हा खरंच वाईट बातमी होती. पण तिने एक जागाही दाखवली. जास्त प्रती म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू प्रथिनाची गर्दी, आणि पृष्ठभागावरच्या गोष्टीला बाहेरून अँटिबॉडी चिकटू शकते. त्यातून ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आलं. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. रोग शरीरात पसरलेल्या ४६९ बायकांच्या चाचणीत केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर मध्यमान आयुष्य २०.३ वरून २५.१ महिन्यांवर गेलं. फरक पाच महिन्यांचाच. मात्र २००५ साली कळलं, की सुरुवातीच्या टप्प्यात, ऑपरेशननंतर हेच औषध दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं.

मला घाबरवणारी आकडेवारी हे औषध न मिळालेल्या बायकांची होती.

रात्री मावशीचा फोन आला. "ती ओळ वाईट आहे ना रे?"

"१९८७ साली होती," मी म्हटलं. "आता डॉक्टर त्या ओळीवरूनच तुझं औषध ठरवणार आहेत."