वहीबाहेर गेलेला निबंध

आजचा भाग चार टाचण्यांपासून सुरू करतो.

मी सातवीत असताना आमच्या शाळेच्या जिन्याजवळ एक फळा होता. त्यावर दर पंधरवड्याला भित्तिपत्रक लागायचं. सुविचार, थोरांची चरित्रं आणि कोपऱ्यात एक मोर. तुमच्याही शाळेत असेल. निबंधाची वही फक्त बाई वाचायच्या. शेवटी 'ठीक' लिहून सही करायच्या. भित्तिपत्रक मात्र जिन्यावरून जाणारा प्रत्येक जण वाचायचा. म्हणून एकदा मी त्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल आठ ओळी लिहिल्या. झाकण नाही, तळाला शेवाळ आहे, आणि एकदा नळातून कबुतराचं पीस आलं होतं, वगैरे. कागद सकाळी लागला आणि मधल्या सुट्टीत निघाला. टाचण्या तेवढ्या तिथेच राहिल्या.

हे सगळं मी विसरलो होतो. पण परवा शिक्षिका असलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "माझ्या वर्गाला ब्लॉग लिहायला लावू का रे? नवीन प्रयोग आहे, जमेल का?" मी म्हटलं, थांब, जरा वाचून सांगतो. वाचायला बसलो आणि कळलं, प्रयोग नवीन नाहीच. वर्गातल्या पोरांनी लिहायचं आणि ते बाहेरच्या जगाने वाचायचं, ही गोष्ट कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

तर चला, १९२० मध्ये. फ्रान्सच्या दक्षिणेला डोंगरउतारावर बार-स्यूर-लू नावाचं गाव आहे. तिथे सेलेस्तँ फ्रेने नावाचा तेवीस वर्षांचा शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. धुळीने भरलेल्या वर्गात तो फार वेळ बोलूच शकत नसे, दम लागायचा. आता बोलता न येणारा मास्तर शिकवणार कसा? मग तो पोरांना घेऊन गावात फिरायला निघायचा. नदी बघ, सुताराचं काम बघ, गोगलगायींची शर्यत लाव. परत आल्यावर पोरं उत्साहाने सगळं सांगायची आणि तो ते फळ्यावर लिहायचा. पण पुढच्या तासाला पाठ्यपुस्तक उघडलं की तीच पोरं पेंगायची. शिवाय फळा पुसला की सकाळचा मजकूर गेला.

१९२४ मध्ये त्याने एक छोटा हातछापखाना विकत घेतला आणि थेट वर्गात आणून ठेवला.

इथे जरा थांबू या, कारण मला हे दृश्य फार आवडतं. आठ-नऊ वर्षांची पोरं शिशाचे खिळे एकेक करून उचलतायत, ओळ जुळवतायत. अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. एक चूक झाली की ती प्रत्येक प्रतीवर उमटणार. शाई फिरवायची, कागद ठेवायचा, दाबायचं. शुद्धलेखनासाठी छडीची गरज उरली नाही, कारण चुकलेली वेलांटी आता बाईंच्या लाल पेनात संपत नव्हती. छापून लोकांसमोर जात होती. मुलं स्वतःच्या मनाने लिहायची, वर्गात वाचून दाखवायची आणि कुठला मजकूर छापायचा ते मतदानाने ठरवायची. मग सगळे मिळून तो सुधारायचे.

आणि हे वाचणार कोण? तर १९२६ पासून फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाची, ब्रिटनीतल्या समुद्रकाठची एक शाळा. तिथल्या रने दानियेल या शिक्षकानेही छापखाना आणला होता. इकडचे छापील कागद तिकडे, तिकडचे इकडे. डोंगरातल्या पोरांना अटलांटिकची आणि तिथल्या मासेमारीची ओळख कुठल्या धड्यातून झाली नाही. त्यांच्याच वयाच्या पोरांनी ती लिहून पाठवली. पोस्टाची वाट बघत बसणारा वर्ग, कल्पना करा. नोटिफिकेशनची वाट बघण्यासारखंच, फक्त पोस्टमन यायचा.

आता वाटेल, काय गोड गोष्ट! पण पुढे ती बिघडते. १९२८ मध्ये फ्रेनेची बदली जवळच्या सँ-पोल गावी झाली. तिथल्या शाळेची अवस्था वाईट होती, आणि सुधारणा करा म्हणून तो नगरपालिकेच्या मागे लागला. त्यात तो कम्युनिस्ट, म्हणजे गावातल्या बड्या मंडळींच्या डोळ्यात आधीच खुपणारा. अशात वर्गातल्या एका मुलाने आपल्याला पडलेलं स्वप्न लिहिलं, आणि ते छापलं गेलं. स्वप्नात पोरं महापौराविरुद्ध उठतात आणि तो मारला जातो. पोराचं स्वप्न ते! पण १९३२ च्या डिसेंबरात गावाच्या भिंतींवर पोस्टर्स लागली, आणि त्यावर हाच मजकूर. बघा, हा मास्तर तुमच्या मुलांना काय शिकवतोय. एप्रिल १९३३ मध्ये जमाव शाळेवर चालून आला. फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. सरकारी नोकरीबाहेर पडून १९३५ मध्ये त्याने व्हाँस गावात स्वतःची शाळा काढली. त्याच्या पद्धतीने शिकवणारे शिक्षक आजही अनेक देशांत आहेत.

पोस्टर लावणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती, असं मला वाटतं. वहीतला निबंध निरुपद्रवी असतो. छापलेला तसा नसतो.

आणि हे आपल्याला फ्रान्सकडून शिकायची गरज नाही. त्या छापखान्याच्या ६९ वर्षं आधी, म्हणजे १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत एक निबंध आला होता. लिहिणारी होती मुक्ता साळवे, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली किशोरवयीन मुलगी. विषय, मांग-महारांचं दुःख. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कुठला, असा थेट देवालाच प्रश्न. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे वर्णन. वर्गात वाचून दाखवला असता तर कदाचित टाळ्या पडल्या असत्या आणि विषय तिथेच मिटला असता. तो छापला गेला, म्हणून आज आपण तो वाचू शकतो. शाळकरी लेखन बाहेर आल्याचं याहून धारदार उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता भरभर पुढे. १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द आला, १९९९ मध्ये 'ब्लॉगर' सुरू झालं, आणि खिळे-शाईचा खर्च शून्यावर आला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हंटर्डन सेंट्रल हायस्कूलमध्ये विल रिचर्डसन हे शिक्षक ब्लॉग वर्गात आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'द सीक्रेट लाइफ ऑफ बीज' या कादंबरीवर ब्लॉग लिहिला, आणि स्वतः लेखिका सू मंक किड यांनी मुलांच्या प्रश्नांना त्यावर लांबलचक उत्तर दिलं. पुढे इंग्लंडमधून 'क्वाडब्लॉगिंग' निघालं. चार शाळांचा गट करायचा, दर आठवड्याला एका शाळेचा ब्लॉग उरलेल्या तिघांनी वाचायचा आणि अभिप्राय द्यायचा. म्हणजे फ्रेने आणि दानियेलचीच युक्ती, पोस्टमन वगळून.

यातले कितीतरी वर्गब्लॉग मेले, हेही सांगितलं पाहिजे. कारण साधं आहे. ब्लॉगला मार्क लागले, की तो पुन्हा वहीच होतो. वाचणार बाईच, 'ठीक' म्हणणार बाईच.

जो ब्लॉग गाजला तो वेगळाच. स्कॉटलंडच्या अर्गाइल भागातली मार्था पेन, वय वर्षं ९. लिहिण्याचा सराव म्हणून वडिलांच्या मदतीने तिने ३० एप्रिल २०१२ ला 'नेव्हरसेकंड्स' सुरू केला. रोज शाळेतल्या जेवणाच्या ताटाचा फोटो, चवीला दहापैकी गुण, किती घास, आणि जेवणात केस निघाला का, त्याचीही नोंद! सुरुवातीच्या एका ताटात पिझ्झाचा तुकडा, थोडा मका आणि बटाट्याचं एक क्रोकेट. एकच. पोट भरत नाही, मग तासाला लक्ष कसं लागणार, हा तिचा सरळ मुद्दा. जगभरातून वाचक आले. १४ जूनला तिने निरोपाची पोस्ट लिहिली: गणिताच्या तासाला मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं होतं की यापुढे फोटो काढायचे नाहीत. हुकूम वरून, कौन्सिलकडून आला होता. इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी कौन्सिलने बंदी उठवली. 'मेरीज मील्स' या संस्थेसाठी ती ७,००० पौंड जमवत होती. आकडा लाखाच्या पुढे गेला आणि त्यातून आफ्रिकेत मलावीतल्या एका शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं.

मुलांनी उघड्यावर लिहावं याची भीती अगदीच खोटी नाही हं. आडनाव, शाळेचं नाव, चेहऱ्याचा फोटो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि ती काळजी शिक्षकांनी घ्यायलाच हवी. मैत्रिणीलाही मी तेच सांगितलं. फक्त पहिलं नाव, पालकांची परवानगी, आणि सुरुवातीला वाचक म्हणून दुसऱ्या गावातला एकच वर्ग. पण सँ-पोलमध्ये काय आणि अर्गाइलमध्ये काय, मोठ्यांना भीती मुलांच्या सुरक्षिततेची वाटत नव्हती. एका ठिकाणी महापौराची अब्रू होती, दुसरीकडे क्रोकेट.

मैत्रीण म्हणाली, "आणि पोरांनी शाळेबद्दलच लिहिलं तर?"

मी म्हटलं, तेव्हा तुला ठरवावं लागेल, कागद काढायचा की राहू द्यायचा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हेडसरांना विचारून बघते. अजून कळवलेलं नाही.

हो, टाकीचं सांगायचं राहिलं. माझा कागद काढून नेणाऱ्या सरांनी मला काहीच विचारलं नाही, रागावलेही नाहीत. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलो तेव्हा टाकीवर पत्र्याचं झाकण होतं, आणि ते उडू नये म्हणून वर दोन विटा ठेवल्या होत्या.