रविवर्मा यांचीं शिळाछाप चित्रें : मळवलीचा छापखाना व प्रतींची पारख

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारा गृहस्थ नवी पोथी हातीं आली कीं प्रथम तिचें शेवटचें पान पाहतो. कारण लेखकाचें नांव, शक, तिथि व स्थळ हीं पुष्पिकेंत मिळतात. परंतु तोच गृहस्थ दिवाणखान्यांत लावण्यासाठीं एखादें जुनें छापील चित्र विकत घेतो, तेव्हां देवीचें मुख व लुगड्याचा रंग मनास आला म्हणजे त्याचें समाधान होतें. आणि चौकट करणारा कारागीर काचेच्या मापांत बसविण्यासाठीं चित्राचा खालचा समास कापूं लागला, तर तो त्यास आडकाठी करीत नाहीं. वास्तविक चित्राची पुष्पिका त्या समासांतच असते. ती कापली म्हणजे चित्र राहतें, पण त्याचा पुरावा जातो. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछाप प्रतींसंबंधानें ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. त्या प्रतींपैकीं पुष्कळशा पुणें जिल्ह्यांतच, मावळांतील मळवली येथें, छापल्या गेल्या. घरासाठीं अशा जुन्या अगर नव्यानें काढलेल्या प्रती निवडतांना काय पाहावें, याचा विचार त्या छापखान्याच्या हकीकतीच्या आधारें येथें करावयाचा आहे.

१. छापखान्याची हकीकत

रविवर्मा यांचा जन्म १८४८ सालीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. त्यांच्या तैलचित्रांची मागणी इतकी वाढली कीं, एका चित्रकाराच्या हातून ती पुरी होणें अशक्य झालें. तेव्हां, निवडक चित्रें यूरोपांत पाठवून त्यांच्या रंगीत शिळाछाप प्रती काढवाव्या, अशी सूचना सर टी. माधवराव यांनीं त्यांस केली. माधवराव हे तंजावर प्रांतांतील मराठी घराण्यांतले असून त्रावणकोर व पुढें बडोदें या संस्थानांचे दिवाण होते. बडोद्याच्या राजवाड्यासाठीं काढलेलीं चौदा पौराणिक चित्रें मुंबईस लोकांस दाखविण्यांत आलीं, तेव्हां तीं पाहण्यास मोठी दाटी झाली. अशीं चित्रें सामान्य प्रपंची माणसासही हवीं आहेत, हें त्यावरून उघड झालें. शिळाछाप चित्रें महाराष्ट्रास अगदींच नवीं नव्हतीं. पुण्यास चित्रशाळा छापखाना १८७८ सालींच निघाला होता. तथापि तैलचित्राचा भास उत्पन्न करणारीं मोठीं रंगीत चित्रें येथेंच छापावीं, या हेतूनें रविवर्मा यांनीं गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारींत १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत आपला छापखाना घातला व त्यासाठीं जर्मन तज्ज्ञ आणविले. तेथून निघालेलें पहिलें चित्र शकुंतलेच्या जन्माचें होय.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली व शहरांतील धंद्यांची घडी विसकटली. हा छापखानाही गिरगांवांतून हलला व घाटकोपरवरून अखेर १८९९ सालीं मळवलीस आला. खंडाळें ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं व बोरघाटांतील मार्ग १८६३ सालीं खुला झाला असल्यामुळें, लोणावळें व कामशेत यांच्या दरम्यानचें हें ठिकाण सांथीपासून दूर असूनही मुंबईच्या बाजारपेठेस जोडलेलें होतें. स्थानकाच्या एका बाजूस कार्ल्याचीं व दुसऱ्या बाजूस भाज्याचीं लेणीं आहेत. म्हणूनच येथें छापलेल्या कित्येक चित्रांवर ‘कार्ला-लोणावळें’ असा स्थळनिर्देश आढळतो.

परंतु स्थलांतर झालें तेव्हां छापखाना कर्जांत बुडालेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभींच रविवर्मा यांनीं तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तज्ज्ञास विकला. १९०६ सालीं रविवर्मा वारले. छापखाना मात्र पुढें कित्येक वर्षें चालला. श्लायशर यांनीं रविवर्मा यांचीं चित्रें छापण्याचें चालू ठेविलेंच, शिवाय इतर चित्रकारांकडून नवीं चित्रें काढवून घेतलीं व व्यापारी मालावर लावण्याचीं लेबलें आणि जाहिरातींचीं चित्रें छापण्याचें कामही पत्करलें. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं या छापखान्यास चित्रें काढून दिलीं. आणि पुढें १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणणारे धुंडिराज गोविंद फाळके यांनींही लोणावळ्यास असतां याच छापखान्याचें काम केलें. १९७२ सालीं आग लागून छापखाना नष्ट झाला.

२. प्रतींचें स्वरूप

या आगीचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. शिळाछापांत प्रत्येक रंगास निराळी शिळा लागते. कारागीर मूळ तैलचित्र पुढें ठेवून त्यांतील रंगांची फोड करी व प्रत्येक रंगाचा भाग स्निग्ध शाईनें, बारीक टिंबांनीं, उलटा शिळेवर उतरवी. तोच कागद क्रमानें सर्व शिळांवरून जाऊन चित्र पुरें होई. एका चित्रास दहाबारा शिळा लागणें हें या कामांत नवल नव्हतें. रंग एकमेकांवर बरोबर बसावे म्हणून समासांत फुलीच्या खुणा करीत, आणि शेवटीं रोगण चढवून व कधीं कापडाच्या पोताचा ठसा उठवून तैलचित्राचा भास आणीत. म्हणजे प्रत ही मुळाची केवळ छाया नव्हे; मूळ चित्र, तें शिळेवर उतरविणारा हात व तें छापणारा हात अशा तिघांचें तें कार्य आहे. पोथीच्या नकलेंत लेखकाचे पाठभेद शिरतात, त्याप्रमाणें येथें मुखाची ठेवण, कांठाचा रंग, मागील झाडी यांत भेद पडतात. मूळ तैलचित्रें बडोदें, म्हैसूर, तिरुवनंतपुरम् येथें व आपल्याकडे औंधच्या श्रीभवानी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. परंतु आगीनंतर मळवलीच्या कारागिरीची साक्ष मुख्यत्वें घरोघरच्या भिंतींवरच उरली आहे.

३. पारखण्याच्या कसोट्या

पहिली कसोटी समासाची. मळवली, कार्लें अगर लोणावळें हें नांव असलेली प्रत १८९९ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं. ही तिची निश्चित पूर्वमर्यादा होय. याच्या उलट, मुंबईचें नांव असलेली प्रत मळवलीच्या पूर्वींचीच असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण जुनी शिळा पुन्हा छापास घेतली तर तिच्यावरील अक्षरें तशींच उमटणार. स्थळनाम हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

दुसरी कसोटी सहीची. चित्राच्या कोपऱ्यांत दिसणारी रविवर्मा यांची सही शिळेवरून छापलेली असते. तीवरून मूळ चित्र कोणाचें एवढेंच कळतें, प्रत केव्हांची हें कळत नाहीं. तसेंच छापखान्यास रविवर्मा यांचें नांव आहे एवढ्यावरून चित्रही त्यांचेंच असें धरून चालणें चुकीचें आहे. वर सांगितल्याप्रमाणें तेथें इतरांचीं चित्रेंही छापलीं जात. विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात, आणि किंमत मात्र नांवावर ठरते.

तिसरी कसोटी भिंगाची. शिळाछाप प्रतींत टिंबें हातानें टाकलेलीं, लहानमोठीं व विषम असतात. प्रकाशचित्राच्या साह्यानें छापलेल्या प्रतींत तीं जाळीसारखीं ओळींत बसलेलीं असतात. हल्लींच्या संगणकी छपाईंत शाईचे अतिसूक्ष्म तुषार दिसतात. ही परीक्षा करण्यास दहापट मोठें दाखविणारें भिंग पुरतें.

४. नव्या प्रतींची निवड

जुनी शिळाछाप प्रत प्रत्येकास मिळेल असें नाहीं, व मिळावी असा आग्रहही नाहीं. चित्रकाराच्या मृत्यूस शंभरांहून अधिक वर्षें झाल्यामुळें या चित्रांच्या प्रती काढण्याची सर्वांस मोकळीक आहे, आणि चांगली नवी प्रत घरांत लावण्यांत कमीपणा नाहीं. मात्र घेतांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ही प्रत मूळ तैलचित्रावरून घेतली आहे, कीं जुन्या शिळाछाप चित्रावरून? दोन्ही ग्राह्य आहेत. पण त्या दोन निराळ्या परंपरा आहेत. ज्यास चित्रकाराची रंगयोजना हवी त्यानें पहिली घ्यावी. ज्यास आजोळच्या देवघरांत पाहिलेली लक्ष्मी अगर सरस्वती हवी त्यानें दुसरी घ्यावी. पिंवळें पडलेलें रोगण मुद्दाम छापून जुनेपणाचा आव आणणारी प्रत मात्र टाळावी. तिच्यांत मूळही नाहीं व इतिहासही नाहीं.

५. जतन

लोणावळें-मावळाकडचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावूं नये; लावणें भागच असल्यास चौकटीच्या मागें लाकडाचे ठोकळे देऊन वारा खेळता ठेवावा. काच कागदास चिकटूं देऊं नये. पाठीमागची जुनी लाकडी फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा, आणि ऊन थेट पडेल अशी जागा वर्ज्य करावी. कित्येक चित्रांवर घरच्या बायकांनीं जर, टिकल्या व मणी लावलेले असतात. ते ‘मूळ’ नव्हेत म्हणून उपटून काढणें म्हणजे पोथीच्या समासांतील टीपा खरडून टाकण्यासारखें आहे.

शेवटीं संग्राहकांस विनंती एवढीच कीं, त्यांनीं आपल्या घरचें प्रत्येक चित्र एकवार चौकटींतून काढून समासांतील सर्व अक्षरें, अंक व खुणा जशाच्या तशा उतरून घ्याव्या, कागदाचें माप टिपावें व चित्र घरांत कोठून आलें तेंही लिहून ठेवावें. अशा नोंदी पुरेशा जमल्या, तर कोणतें चित्र कोठें व किती वेळां छापलें गेलें याची यादी तयार करतां येईल. शिळा जळाल्या, समास अद्याप आपल्या हातीं आहेत.