संगणकाची सनद

लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की मागे राहिलेल्यांना एकच कोडे पडते: हे यंत्र असे का चालते? कोणती फाइल कधी बदलली, कोणते पॅकेज कशासाठी टाकले, हे सगळे त्याच्या डोक्यात होते. युनिक्सची रीतच तशी पडली. सेटिंगची फाइल उघडून जागेवरच बदलायची, नवे पॅकेज जुन्यावर बसवायचे. आधी काय होते, ते सहसा पुसलेच जाई.

१९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठातले मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' आणले. कामांची यादी द्यायची नाही. यंत्र शेवटी कसे असावे तेवढे लिहायचे. कल्पना मोठी होती, पण ती राबायची जुन्याच, हाताळलेल्या यंत्रावर. ज्याचा उल्लेख नाही, ते तसेच पडून राही.

ही त्रुटी भरून निघाली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात. एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये 'निक्स' सुरू केले, २००६ चा त्यांचा पीएच.डी. प्रबंध त्यावरच आहे. डच भाषेतल्या 'निक्स' म्हणजे 'काही नाही' या शब्दावरून हे नाव आले: जे सांगितलेले नाही, ते पॅकेज बांधताना दिसतच नाही. प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर, आणि त्याच्या नावाआधी ३२ अक्षरांचा ठसा. सोर्स कोड, कंपायलर, लायब्रऱ्या, निवडलेले पर्याय, सगळ्यांतून हिशेब करून काढलेला. त्यातले काहीही बदलले की ठसा बदलतो, नवे फोल्डर तयार होते. जुने जागच्या जागी राहते.

हदीसच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटावे. तिथेही मजकुराबरोबर सनद विचारतात: तू कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून? अर्थात तिथे सांगणाऱ्याची सचोटी पारखतात. ठशाला सचोटी कळत नाही. खोटा कोडही तो तितक्याच नेमाने नोंदवतो.

२००६ मध्येच आर्मिन हेमेल यांच्या एम.एस्सी. प्रबंधातून 'निक्सओएस' उभी राहिली. कर्नल, सेवा, वापरकर्ते, सगळी यंत्रणा एका लिखित वर्णनातून बांधायची. वर्णन बदलून पुन्हा बांधले की नवी 'पिढी' जन्मते. ती बिघडली, तर यंत्र सुरू होतानाच्या यादीतून मागची पिढी निवडायची. लुडोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये हीच पद्धत 'गिक्स'मध्ये स्कीम भाषेत आणली, आणि माझ्या मते ती वाचायला सोपी झाली.

पण वर्णनात 'काय' असते, 'का' नसते. ते शेजारी टीप लिहिली तरच कळते. शिवाय लोकांचा डेटा या व्यवस्थेबाहेरच राहतो. डेटाबेसच्या नव्या आवृत्तीने आपल्या फाइली नव्या रूपात लिहून टाकल्या असतील, तर मागच्या पिढीवर जाऊन जुना प्रोग्राम परत मिळतो, जुन्या फाइली नाही. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.