तळटीप : ‘सरकारला बधले नाहीत’
* ‘बधणे’ हे क्रियापद बहुधा नकारातच भेटते. पोर लाडीगोडीला बधत नाही, बर्डीवरचा दुकानदार घासाघिशीला. मूळ मजकुरातला रोख मात्र १९२३च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाकडे आहे.

सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांचे बंगले. तिथे चरख्याचा तिरंगा नेण्यास मनाई होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या तिकडे निघू लागल्या. एक तुकडी पकडली की दुसरी हजर! जूनमध्ये नेते जमनालाल बजाज यांना अटक झाली आणि पुढे दीड वर्षाची कैद व ३,००० रुपये दंड सुनावला गेला. दंड भरायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्यांची मोटार जप्त झाली. पण बोली लावायला नागपुरात कुणी पुढे येईना. अखेर ती विक्रीसाठी थेट काठियावाडला धाडावी लागली. मोठ्या भाषणांपेक्षा हा ओस पडलेला लिलावच शहराचा कल अधिक नेमका सांगतो.

जुलैत सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, पाठोपाठ कैदीही सुटले. मिरवणुकीसाठी परवानगी मागितली होती की नाही, यावर सरकार आणि सत्याग्रही यांची जुंपली ती त्यानंतर.